धाग्यातच गुण घातला तर

आमचा बेळगावात खडे बाजारात छोटा छापखाना आहे, त्यामुळं कागद हाताला लागला की बोटं आधी तोच तपासायला लागतात. परवा कुंद्याचा बॉक्स घरी आणला, तुपानं तळाचा पुठ्ठा पार भिजला होता, आणि मग डोक्यात तेच चालू झालं. कागद म्हणजे सेल्युलोजचे धागे, एकमेकांना हायड्रोजन बंधानं धरलेले, पाणी शिरलं की ती पकड सुटते. यावर वरून प्लास्टिकचा थर देतात, पण मग रिसायकल करायला त्रास.

मला भारी वाटतं ते दुसरंच. लायोसेल नावाचा कापडाचा धागा बनवताना लाकडातलं सेल्युलोज एनएमएमओ नावाच्या द्रावकात विरघळवतात, त्याच घोळात बारीक केलेला सक्रिय कोळसा नाहीतर यूव्हीत, म्हणजे अतिनील प्रकाशात, चमकणारी पावडर मिसळायची, मग धागा ओढायचा, काही मिलिमीटरचे तुकडे करून कागदाच्या लगद्यात टाकायचे. गुण धाग्याच्या आतच अडकलेला, त्यामुळं लेपासारखा खरवडून निघत नाही! चमकणारे तंतू आपल्या नोटांतही असतात, यूव्ही दिव्याखाली धरून बघा. कोळसावाला कागद वास शोषतो. निपाणीकडं तंबाखूच्या गोदामात बसणाऱ्या मामाच्या वह्यांना असला कागद मिळाला तर मी पहिला घेईन.