कोलंबसचा वसंत : रानातील ट्रिलियम आणि काँक्रीटची कणसे

ओहायो राज्यातील कोलंबसला आपली माणसे जातात ती बहुधा मुलाच्या नोकरीमुळे किंवा मुलीच्या शिक्षणामुळे, आणि शनिवार-रविवार आला की गाडी काढून नायगारा नाहीतर शिकागो गाठतात. एप्रिलचा उत्तरार्ध असेल आणि सोबत कॅमेरा असेल, तर ही धावपळ करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शहरापासून तासाभराच्या अंतरावर याच दिवसांत जे फुलते, ते मेच्या मध्यापर्यंत बरेचसे संपून गेलेले असते.

येथील वासंतिक रानफुलांचे सारे गणित उन्हावर चालते. मेपल, बीच आणि ओक या वृक्षांना पालवी फुटण्याआधी जंगलाच्या जमिनीवर काही आठवडे थेट ऊन पडते, आणि तेवढ्याच अवधीत ही चिमुकली झाडे उगवतात, फुलतात, बी धरतात आणि त्यांपैकी अनेक जमिनीखाली परत जातात. मार्चच्या अखेरीस स्नो ट्रिलियम आणि हेपॅटिका दिसू लागतात. मग ब्लडरूट, डचमन्स ब्रिचेस, व्हर्जिनिया ब्लूबेल असा क्रम लागतो. आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोठा पांढरा ट्रिलियम, म्हणजे ओहायोचे अधिकृत राज्य-रानफूल, ऐन बहरात येतो. थंडी लांबली तर हा क्रम आठवडाभर पुढे सरकतो. कासचे पठार डोळ्यांसमोर ठेवून गेल्यास मात्र अपेक्षाभंग होईल, कारण ही फुले उघड्या माळावर नसून उतारांवर, ओढ्याकाठी आणि पडलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला असतात.

आम्ही फुलांसाठी क्लिफ्टन गॉर्ज निवडले. कोलंबसच्या पश्चिमेला, यलो स्प्रिंग्ज गावाजवळ लिटल मायामी नदीची ही अरुंद घळ आहे. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने चुनखडीच्या जातीचा खडक कापत ती खोल केली. वरच्या कड्यावरून एक पायवाट जाते आणि पायऱ्या उतरून नदीच्या काठाने दुसरी. छायाचित्रासाठी खालची वाट उत्तम, कारण तेथे उतार डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि जमिनीवर न लोळताही फूल समोरून टिपता येते. आम्ही गेलो त्या सकाळी आकाश ढगाळ होते, आणि पांढऱ्या फुलांसाठी त्याहून चांगला प्रकाश नाही.

ट्रिलियमचे सगळेच तीनच्या हिशोबाने चालते : तीन पाने, तीन हिरवी निदले आणि तीन पाकळ्या. ताजे फूल शुभ्र असते, जुने होऊ लागले की पाकळ्या गुलाबी होतात. एकाच चौकटीत दोन्ही मिळाली तर ती संधी सोडू नये. मागे काळसर जंगल असल्याने कॅमेरा एकंदर दृश्य उजळ करू पाहतो आणि पाकळ्यांवरील शिरा पार पुसल्या जातात. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप, म्हणजे प्रकाशाच्या मापाची एक पायरी, कमी ठेवल्यास त्या टिकतात. पानांवरची चकाकी लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने जाते. बी रुजल्यापासून पहिले फूल येईपर्यंत या झाडाला सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि त्याचे बी पसरवण्याचे काम प्रामुख्याने मुंग्या करतात. फूल पानांसकट खुडले तर कंदाला त्या वर्षी अन्न मिळत नाही. म्हणून पायवाट सोडायची नाही हा तेथील नियम काटेकोरपणे पाळावा. एका छायाचित्रासाठी उतारावर टाकलेले पाऊल अनेक वर्षांची वाढ चिरडते.

डचमन्स ब्रिचेसची फुले म्हणजे दोरीवर उलट्या वाळत घातलेल्या इवल्याशा पांढऱ्या विजारी, आणि कमरेशी पिवळा पट्टा. ती वाऱ्याच्या झुळुकीनेही हलतात, त्यामुळे शटरचा वेग वाढवून एकामागून एक बरीच छायाचित्रे घ्यावीत. स्प्रिंग ब्यूटी आणि ब्लडरूट यांची गोष्ट उलटी आहे : ढगाळ गारव्यात ही फुले मिटून बसतात, म्हणून त्यांच्यासाठी ऊन वर येण्याची वाट पाहावी लागते. भूक लागल्यास क्लिफ्टन गावातच १८०२ मध्ये उभारलेली पाणचक्की आहे. तेथे न्याहारी मिळते आणि चक्कीही पाहता येते.

दुपारी ढग पांगले की फुलांचा नाद सोडून शहराकडे वळावे. कोलंबसला लागून असलेल्या डब्लिन या उपनगरात, कार्यालयांच्या इमारतींच्या मधोमध, माणसाएवढ्या उंचीची १०९ काँक्रीटची कणसे ओळीने उभी आहेत. माल्कम कोक्रन या शिल्पकाराने १९९४ मध्ये ती उभारली. सॅम फ्रँट्झ नावाचे शेतकरी याच जमिनीवर मक्याच्या संकरित वाणांवर काम करीत असत, त्याची ही आठवण. कणसे तीनच साच्यांतून ओतलेली आहेत, परंतु प्रत्येक वेगळ्या कोनात वळवल्यामुळे सारखेपणा चटकन लक्षात येत नाही. भर दुपारी सगळे सपाट दिसते. सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात तिरपे ऊन आले की दाणा न् दाणा उठून दिसतो. प्रवेश विनामूल्य आहे. ही कणसे मला सुंदर वाटली असे म्हणवत नाही, पण ती पाहून हसू आले नाही असा माणूस विरळा.

जवळच सायोटो पार्कमध्ये लेदरलिप्स या वायंडॉट जमातीच्या मूळ अमेरिकन प्रमुखाचे, चुनखडीचे थर रचून केलेले बारा फुटी मस्तक आहे. १८१० मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला देहान्त दिला, हा इतिहास ठाऊक असला की त्या चेहऱ्याकडे निव्वळ गंमत म्हणून पाहवत नाही.

शहराच्या मध्यभागी टोपिअरी पार्क आहे. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचे नदीकाठच्या रविवार-दुपारचे प्रसिद्ध चित्र येथे यू नावाच्या सदाहरित झुडपांना कापून साकारले आहे : माणसे, होड्या, कुत्री, एक माकडही. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याची प्रत फोनवर घेऊन जावी आणि चित्रकाराची जागा शोधावी, म्हणजे विखुरलेल्या आकृत्या एकदम आपापल्या ठिकाणी बसतात. येथे सकाळी लवकर जावे. वसंतात कोवळी वाढ सुटल्याने आकृत्यांच्या कडा थोड्या केसाळ दिसतात, आणि मला त्या तशाच आवडल्या.

पूर्वेला नेवार्क येथे एका टोपल्यांच्या कंपनीने १९९७ मध्ये बांधलेली, टोपलीच्याच आकाराची सात मजली इमारत आहे. २०१६ मध्ये कंपनीने ती रिकामी केली. केवळ तिच्यासाठी वाकडी वाट करू नये. बाहेरून एक छायाचित्र घेतले की काम संपते. मात्र त्याच गावात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होपवेल या प्राचीन मूळ अमेरिकन संस्कृतीच्या लोकांनी रचलेले प्रचंड मातीचे बांध आहेत, ज्यांना २०२३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ते पाहायचे असतील तर टोपली वाटेवरच पडते.

सामानात जड लेन्स कमी आणि गुडघ्याखाली घालायला जलरोधक चटईचा तुकडा जरूर असावा. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स नसेल तर फोनही पुष्कळ काम देतो, कारण तो जमिनीलगत सहज नेता येतो. घळीतील खडक शेवाळाने निसरडे असतात. एप्रिलपासून गोचिडी सक्रिय होतात आणि त्यांतील काहींमुळे लाइम रोग होतो, म्हणून पँट मोज्यांत खोचावी आणि परतल्यावर गुडघ्यांमागे, काखेत व केसांत नीट तपासावे. तीन-तीन पानांची, त्वचेला खाज आणणारी पॉयझन आयव्ही ही वनस्पती पायवाटेच्या कडेलाच उगवते. तिला स्पर्श करू नये. क्लिफ्टन गॉर्ज हे राखीव क्षेत्र असल्याने कुत्रा सोबत नेता येत नाही.