जर्मन बी-वन: तीन पेपर सुटले, तोंड मात्र उघडेना

गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन भाषेच्या बी-वन (मध्यम पातळीच्या) परीक्षेत चार मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र पेपर असतात. त्यातल्या वाचन, ऐकणं आणि लेखन या तीन मॉड्यूलबद्दल सांगण्यासारखं फार नाही. घड्याळ लावून सराव संच सोडवले की ती निघतात. गाडी अडते ती ‘श्प्रेखन’ला, म्हणजे बोलण्याच्या मॉड्यूलला. माझीही तिथेच अडली होती. व्याकरण येत असतं, शब्द पाठ असतात, पण समोरच्याने प्रश्न विचारला की घसा कोरडा पडतो.

याबद्दल माझा राग आहे तो क्लासमधल्या पद्धतीवर. पंचवीस जणांची बॅच आणि दोन तासांचं लेक्चर. त्यातला निम्मा वेळ शिकवण्यात जातो, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन-अडीच मिनिटं येतात. तीही सलग नाहीत. नामाआधीच्या लिंगदर्शक आर्टिकलमध्ये ‘डेर’च्या (पुल्लिंगी) जागी ‘दास’ (नपुंसकलिंगी) गेलं की वाक्य तिथेच तोडून दुरुस्ती होते आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसतं. मग पुढच्या वेळी तोच मुलगा बोलण्याआधी मनातल्या मनात तपासत बसतो: लिंग बरोबर आहे का, विभक्ती बरोबर आहे का, क्रियापद कुठे ठेवायचं. मजकूर जुळवायचा आणि त्याच वेळी स्वतःवर पहाराही ठेवायचा, हे डोक्याला झेपत नाही. त्यामुळे येत असलेला शब्दही ऐनवेळी सापडत नाही. त्याला आळशी किंवा कच्चा ठरवणं साफ चूक आहे. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली ही भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. बोलण्याची धास्ती, परीक्षेची धास्ती आणि लोक काय म्हणतील ही धास्ती, असे तीन धागे त्यांनी मांडले. यातली तिसरी अशा वर्गात रोज खतपाणी घालून वाढवली जाते.

शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. वाक्य पुरं होऊ द्या, चूक वहीत टिपा आणि तासाच्या शेवटी नाव न घेता सगळ्या चुका फळ्यावर घ्या.

क्लास बदलणार नसेल तर बॅचमधला एक जोडीदार धरा. मला सर्वांत उपयोगी पडलेला सराव असा: एकच विषय तीनदा बोलायचा, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. मजकूर तोच राहतो, त्यामुळे तिसऱ्या फेरीला अडखळणं आपोआप कमी होतं. मध्ये दुरुस्ती अजिबात नाही. हवं तर रेकॉर्ड करा आणि नंतर ऐकून फक्त एकच चूक निवडा. वन रूम किचनमध्ये मोठ्याने बोलायला जागा नसते, म्हणून फोन कानाला लावून शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारायच्या. फोनवर बोलणाऱ्या माणसाकडे तिथे कुणी ढुंकूनही बघत नाही.

वाक्य इंग्रजीतून जुळवू नका, मराठीतून जुळवा. ‘वाइल इश काइनं त्साइट हाबं’ (कारण मला वेळ नाही) यात क्रियापद शेवटी येतं, जसं आपलं येतं. ‘त्साइट’मधला पहिला आवाजही ‘चमचा’तल्या ‘च’चा आहे, तो आपल्याला शिकावा लागत नाही. मेहनत घ्यायची ती ‘यु’ आणि ‘ओ’च्या टिंबवाल्या स्वरांवर: पहिल्यासाठी जीभ ‘ई’ला ठेवून ओठ ‘ऊ’चे करायचे, दुसऱ्यासाठी जीभ ‘ए’ला ठेवून ओठ ‘ओ’चे.

परीक्षेचं गणित मात्र आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. बोलण्याच्या मॉड्यूलमध्ये पास व्हायला १०० पैकी ६० गुण लागतात. जोडीदाराबरोबर, म्हणजे सोबतच्या परीक्षार्थीबरोबर, एखादा बेत ठरवण्याला २८, पाच स्लाइडच्या सादरीकरणाला ४०, त्यावरच्या प्रतिसादाला आणि प्रश्नांना १६, उच्चाराला १६. आर्टिकल चुकलं म्हणून कुणी नापास होत नाही, गप्प बसलं की मात्र भागच्या भाग जातो. शब्द ऐकू आला नाही तर ‘कान्स्ट डू दास बिटं वीडरहोलन?’ आणि सुचत नसेल तर ‘मोमेंट, इश मुस कुर्त्स युबरलेगन’. ही दोन वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत.

मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात (गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये) परीक्षा असेल तर चर्चगेटहून चालत जायला वेळ हातात ठेवा, धापा टाकत आत जाऊ नका. तयारीला १५ मिनिटं मिळतात. त्यातली नऊ-दहा सादरीकरणाला द्या आणि फक्त मुद्दे लिहा. पूर्ण वाक्यं लिहिली की नजर कागदावरून हलत नाही, आणि वाचून दाखवलेलं परीक्षकांना लगेच कळतं. सादरीकरणाचं पहिलं वाक्य मात्र पाठच असू द्या. आवाज स्थिर व्हायला तेवढा अवधी लागतो.

हो, एक राहिलंच. जोडीदार सादरीकरण करत असताना स्वतःच्या कागदात डोकं घालू नका. त्याच्या बोलण्यातला एक शब्द टिपून ठेवा, कारण नंतर त्याला प्रतिसाद देऊन एक प्रश्न तुम्हालाच विचारायचा असतो.