जेवणानंतरची शुगर आणि बारा वाजता मिटणारी खिडकी

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, घरातला भात कमी झाला. इथवर सगळं सुरळीत. अडलं ते जेवणानंतरच्या तपासणीपाशी, आणि तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, सरकारी दवाखाना तालुक्याला. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून मामा सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचे. केसपेपरची खिडकी उघडणार नऊला. मग डॉक्टरांची रांग, मग लॅबची. रक्त देईस्तोवर अकरा. मग आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बांधून दिलेली भाकरी खायची, पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे आणि पुन्हा रक्त द्यायचं. म्हणजे एक वाजता. आणि लॅब रक्त घेणं बंद करणार बाराला! खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणायचा, "उद्या या." उद्या काय, परत उपाशी? वर एकदा कागदावर शेरा, 'रुग्ण आला नाही'. रुग्ण समोरच्या बाकड्यावर डबा घेऊन बसलेला!

शेवटी धाकट्या दिरांनी आदल्या दिवशी गाडीवर जाऊन केसपेपर काढला, डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली. सकाळी लॅब उघडताच मामा थेट तिथं. साडेअकराच्या आत दोन्ही रक्तं देऊन मोकळे.

एका सिस्टरनं मग सांगितलं की एचबीएवनसी या रक्ताच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही आणि त्यात साधारण तीन महिन्यांचा हिशोब कळतो. आधी कुणी बोललंच नव्हतं. आता डॉक्टरांना तीच लिहायला सांगतो. मामांची ९.४ टक्क्यांवरून ७.१ वर आलीय. बऱ्याच जणांना ७ च्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे थोडं राहिलंय.

यातला मोठा वाटा आत्याबाईंचा. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, त्यांनी गुळाची खीर सगळ्यांनाच वाटी-वाटी दिली, आंबील-भज्जी पोटभर. म्हणाल्या, "एकट्याच्या ताटात कमी वाढलं की ह्ये शेजाऱ्याच्या शेतात जाऊन खात्यात." भाकरीही मोजूनच, ज्वारीची असली तरी शुगर वाढतेच.

शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी असेल तर उपाशी राहायच्या सकाळी तिचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधी विचारा. रांगेत एक आजोबा घामाघूम होऊन थरथरायला लागले होते. शुगर ७० च्या खाली. खिशात साखर असू द्या.

आणि हो, पहिल्या घासाची वेळ केसपेपरच्या मागं लिहून ठेवा. लॅबमध्ये विचारतात, आणि "असंल साडेनऊ" म्हटलं की खेकसतात.