कार्लश्टेन: शंभर मिनिटांभोवती आखलेला दिवस

प्रागजवळच्या कार्लश्टेन किल्ल्याला मी पहिल्यांदा गेलो तो सोमवार होता, आणि एवढ्या एका वाक्यात त्या सहलीची हकीकत संपते. प्रागमध्ये कामासाठी आलो होतो, एप्रिलमधला एक दिवस मोकळा मिळाला, सकाळी गाडीत बसलो, गाव चढून किल्ल्याच्या दाराशी पोहोचलो आणि बंद दार पाहून उतरलो. वर्षातले बहुतेक महिने हा किल्ला सोमवारी बंद असतो, ही गोष्ट त्याच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेली होती. मी ती वाचण्याची तसदी घेतली नव्हती. त्यामुळे गेल्या वर्षी ताई तिच्या लेकीकडे प्रागला यायला निघाली आणि मीही तिच्यासोबत जायचे ठरले, तेव्हा या वेळी कार्लश्टेनचा दिवस नीट आखायचा, असे मी मनाशी पक्के केले होते.

आखणी म्हटली की आपण गाडीच्या वेळापत्रकापासून सुरुवात करतो. इथे ते उलट करावे लागते. कार्लश्टेन आतून स्वतःच्या मनाने हिंडून पाहता येत नाही. गडावर जाऊन बुरुजाबुरुजावर मनसोक्त भटकण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा जड जाते, पण आतल्या दालनांत गाईडबरोबर, ठरलेल्या वेळीच जावे लागते. असे वेगवेगळे मार्ग आहेत. पहिल्या मार्गात सम्राटाच्या निवासाची दालने आणि खजिन्याची खोली दाखवतात, आणि बहुतेक पर्यटक तेवढेच पाहून परततात. दुसऱ्या मार्गात मोठ्या मनोऱ्यातील पवित्र क्रूसाचे चॅपेल, म्हणजे छोटे प्रार्थनागृह, येते. हा मार्ग हिवाळ्यात बंद असतो, एका वेळी फक्त १६ माणसांना आत सोडतात, त्याला सुमारे शंभर मिनिटे लागतात आणि त्याचे आरक्षण बरेच आधी करावे लागते. भाचीने दोन महिने आधी पाहिले तेव्हा आमच्या मुक्कामातल्या शनिवार-रविवारच्या इंग्रजी फेऱ्या भरलेल्या होत्या. शेवटी एका गुरुवारी साडेअकराच्या फेरीत तीन जागा मिळाल्या, तिने त्या दिवशी रजा टाकली, आणि मग त्या साडेअकरापासून मागे मागे मोजत आम्ही सकाळ ठरवली.

फक्त चॅपेलसाठी एवढा खटाटोप कशाला, असे ताईने विचारले होते. त्याचे उत्तर किल्ल्याच्या जन्मातच आहे. बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेकियाच्या पश्चिम भागाचा, राजा चौथा चार्ल्स याने १३४८ साली या किल्ल्याची पायाभरणी केली. प्रागचे विद्यापीठ त्याच वर्षीचे, आणि शहराची ‘नवे नगर’ ही वसाहतही त्याच वर्षीची. म्हणजे हा माणूस तेव्हा किती गोष्टी एकदम उभ्या करत होता ते दिसते. १३५० मध्ये पवित्र रोमन साम्राज्याची राजचिन्हे, म्हणजे मुकुट, तलवार, भाला आणि त्यांच्याबरोबरचे पवित्र अवशेष, त्याच्या हाती आले. १३५५ मध्ये रोममध्ये सम्राट म्हणून त्याचा राज्याभिषेक झाला. या सगळ्या ठेव्याला योग्य जागा हवी होती, आणि बांधकाम चालू असतानाच कार्लश्टेन राजाच्या खासगी निवासातून साम्राज्याच्या तिजोरीत बदलत गेला. त्या तिजोरीचा सगळ्यात आतला कप्पा म्हणजे हे चॅपेल. त्याचा अभिषेक १३६५ साली झाला. किल्ला पाहून चॅपेल न पाहणे म्हणजे तिजोरीचे दार हाताने चाचपून परत येणे, असे मी ताईला सांगितले, आणि तिला ते पटले.

कार्लश्टेन प्रागच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर आहे. मुख्य स्थानकावरून बेरौनच्या दिशेने जाणारी एस-७ ही उपनगरी गाडी साधारण चाळीस मिनिटांत तिथे पोहोचवते, त्यामुळे संघटित सहलीच्या बसचे पैसे भरण्याचे कारण मला तरी दिसत नाही. त्या बसमध्ये चॅपेल बहुतेक नसतेच, आणि किल्ल्यावरचा वेळ दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो. गाडीचे तिकीट काढताना मात्र एक काळजी घ्यावी: प्रागच्या मेट्रो-ट्रामचा पास शहराच्या हद्दीपर्यंतच चालतो, त्यापुढच्या टप्प्यांचे तिकीट वेगळे घ्यावे लागते. भाचीने आणखी एक शब्द शिकवला, तो म्हणजे ‘व्हिलुका’. रुळांच्या कामासाठी मार्गाचा काही भाग बंद ठेवून मध्ये बस सोडतात, त्याला चेक लोक व्हिलुका म्हणतात, आणि ही भानगड आहे की नाही ते आदल्या रात्री पाहून ठेवणे शहाणपणाचे. आमच्या दिवशी ती नव्हती, तरीही आम्ही एक गाडी आधीची पकडली. आरक्षणाची वेळ चुकली तर सोळा जणांचा गट आपल्यासाठी थांबत नाही.

गाडी प्रागमधले स्मिखोव्ह स्थानक सोडते आणि थोड्या वेळाने बेरौन्का नदी सोबतीला येते. पुढे प्रागमधून वाहणाऱ्या व्ल्तावाला मिळणारी ही नदी इथे संथ आणि हिरवट असते, तिच्या काठाने प्रागकरांची जुनी उन्हाळी घरे आहेत, आणि चेर्नोशित्सेपासून पुढे डब्यात पाठीवर पिशव्या टाकलेली, पायांत जाडजूड बूट घातलेली मंडळी वाढत जातात. सभोवतालचा प्रदेश चुनखडीचा आहे; ‘अमेरिका’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या खाणी इथून चालण्याच्या अंतरावर आहेत आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी दिवसाचा उत्तरार्ध तिकडे घालवावा. आमच्या बेतात ते बसणारे नव्हते.

कारण गुडघे हाच आमच्या आखणीतला दुसरा खांब होता. कार्लश्टेनचे स्थानक नदीच्या एका बाजूला आणि गाव व किल्ला दुसऱ्या बाजूला आहे. पूल ओलांडायचा, मग गावातून वर जाणाऱ्या एकाच रस्त्याने चढत राहायचे. सगळे मिळून दोनेक किलोमीटर. धडधाकट माणूस अर्ध्या तासात वर जातो. ताईसाठी आम्ही सव्वा तास धरला होता आणि तो बरोबर लागला. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या वस्तूंची दुकाने, खोटी शिरस्त्राणे आणि लाकडी तलवारी टांगलेले ठेले आणि दालचिनी-साखरेत घोळवलेल्या ट्रडेल्निक या भाजलेल्या गोड पावाचा वास असा सगळा बाजार आहे. मला पहिल्या खेपेला तो फार खटकला होता. या वेळी मात्र प्रत्येक दुकानासमोर ताईला टेकायला एक कारण मिळत होते, आणि त्या बाजाराविषयीचे माझे मत बरेच मवाळ झाले. एका वळणावर तिने मान वर केली आणि किल्ला दिसला: खाली बसकी बांधकामे, त्यांच्यावर राजवाडा, त्याच्यावर एक मनोरा आणि सर्वांत वर तो मोठा, चौकोनी, जवळजवळ ६० मीटर उंचीचा मनोरा. ‘अरे, हा तर जिन्यासारखा बांधलाय,’ ती म्हणाली.

तिच्या तोंडून सहज निघालेले हे वाक्य वास्तुकलेच्या दृष्टीनेही बरोबर आहे. खाली विहिरीचा बुरूज आणि किल्लेदाराचे घर, मग सम्राटाचा राजवाडा, मग मेरीचा मनोरा आणि शेवटी मोठा मनोरा. वर जावे तसे माणसाचे कमी होत जाते आणि देवाचे वाढत जाते. छायाचित्रात दिसणारी ती उतरती, टोकदार छपरे मात्र बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहेत. योसेफ मोकर या वास्तुविशारदाने १८८७ ते १८९९ या काळात किल्ल्याची पुनर्बांधणी केली, आणि चौदाव्या शतकातला किल्ला कसा असायला हवा होता याची स्वतःची कल्पना त्याने दगडात उतरवली. जाणकार त्याला यासाठी आजही नावे ठेवतात. मला वाटते, लांबून दिसणारा कार्लश्टेन मोकरचा मानावा आणि आतले चॅपेल चार्ल्सचे, म्हणजे दोघांनाही न्याय मिळतो.

विहिरीचा बुरूज आम्ही फेरीच्या आधी पाहिला, कारण अर्धा तास हाताशी होता. ७८ मीटर खोल विहीर, आणि आत माणसांनी चालून फिरवायचे भले मोठे लाकडी चाक. कुत्ना होरा या चांदीच्या खाणींच्या गावातल्या खाणकामगारांनी ती खोदली, पण एवढे खोल जाऊनही पाणी लागले नाही, तेव्हा जवळच्या ओढ्याचे पाणी भुयारी पाटाने गुपचूप विहिरीत आणावे लागले. गुपचूप, कारण तो पाट शत्रूला सापडला असता तर किल्ला तहानेने पडला असता. १४२२ मध्ये हुसाइट, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या, सैन्याने काही महिने वेढा घातला, दगडांबरोबर विष्ठेची पिंपे आणि मेलेली जनावरेही यंत्रांनी आत फेकली, तरी किल्ला पडला नाही. मात्र साम्राज्याची राजचिन्हे त्याच्या आदल्याच वर्षी इथून हलवलेली होती. वेढा पडला तेव्हा तिजोरीचा मोठा ऐवज आधीच बाहेर गेला होता.

साडेअकराला आमचा गट आत गेला. बाहेर ऊन होते आणि आत गारवा. स्वेटर नेल्याबद्दल मी स्वतःलाच धन्यवाद दिले. मेरीच्या मनोऱ्यात आधी कुमारी मेरीचे चर्च लागते. तिथल्या भिंतीवर चार्ल्स स्वतः तीन वेळा रंगवलेला आहे, राजांकडून पवित्र अवशेष स्वीकारताना आणि मग ते क्रूसात ठेवताना. मोजमाप करून काढल्यासारखे त्याचे वाकलेले खांदे आणि दाढी प्रत्येक वेळी तीच आहे, त्यामुळे हे खरोखर त्याचेच रूप असावे असे वाटत राहते. त्याला लागून सेंट कॅथरीनचे छोटेसे प्रार्थनागृह आहे, सम्राट एकटा बसे ते. एका माणसाला पुरेल एवढीच ती खोली, आणि भिंती घासून चकाकवलेल्या रंगीत दगडांच्या. आम्ही ते दारातूनच पाहिले.

मग लाकडी पुलावरून मोठ्या मनोऱ्यात जायचे आणि जिना चढायचा. जिन्याच्या भिंतींवर संत व्हेन्सेस्लास आणि त्याची आजी संत लुडमिला यांच्या कथा चितारलेल्या आहेत; चढताना धाप लागली तर त्या पाहायला थांबल्याचे दाखवता येते, आणि ताईने ही सोय पुरेपूर वापरली. वर गाईड बाईंनी दार उघडले, सगळ्यांना आत घेतले आणि मागून कुलूप लावले. छायाचित्रे काढायला बंदी आहे, त्यामुळे हात रिकामे, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मिनिटभर लागते. आधी छत दिसते: सोनेरी, त्यावर काचेचे शेकडो तारे. मग भिंतींचा खालचा भाग. लाल-तपकिरी सूर्यकांत (जास्पर) दगडाचे आणि जांभळ्या अॅमेथिस्टचे वेडेवाकडे, जसे निघाले तसे तुकडे, आणि त्यांच्या मधल्या फटीत नक्षी उठवलेला सोनेरी गिलावा. एकही तुकडा शेजारच्यासारखा नाही. त्यांच्या वर, छताला भिडेपर्यंत, चार्ल्सचा दरबारी चित्रकार मास्टर थिओडोरिक याने रंगवलेली संत, बिशप, राजे आणि विधवा-कुमारिका संतिणींची १२९ लाकडी फलकचित्रे, एकमेकांना खेटून उभी, जणू पूर्ण पलटण.

गाईड बाईंनी विजेरीचा झोत एका संताच्या कोपरावर नेला तेव्हा दिसले की त्याची बाही चित्रात मावलेलीच नाही, ती चौकटीवर उतरली आहे. मग पुस्तक धरलेला एक हात, मग एका झग्याची किनार. थिओडोरिकने चौकटीलाही चित्रच मानले आहे. त्याच चौकटींमध्ये लहान लहान खोबणी आहेत. त्या संताचा अवशेष, हाडाचा तुकडा किंवा वस्त्राचा धागा, त्या खोबणीत ठेवलेला असे. म्हणजे चार्ल्सच्या दृष्टीने ही चित्रे नव्हतीच. ते संत खरोखरच तिथे पहाऱ्याला उभे होते, आणि त्यांच्या पहाऱ्यात मुकुट. हे कळल्यावर त्या भारी, गोल, झोपाळू डोळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याची नजर बदलते. ताई कठड्याला टेकून उभी होती आणि बराच वेळ काही बोलली नाही, जे आमच्या घरात नोंद घेण्यासारखे आहे.

उतरल्यावर पहिल्या मार्गाचे तिकीट घ्यावे की नाही यावर आमचे थोडे वाजले. भाचीला खजिन्याच्या खोलीतली मगरीची कवटी पाहायची होती, जी एके काळी सेंट जॉर्जने मारलेल्या ड्रॅगनचे डोके समजली जाई. ती एकटीच गेली आणि खूश होऊन आली. माझा सल्ला विचाराल तर दोन्ही मार्ग एकाच दिवशी करावेत, पण निवासाची दालने आधी आणि चॅपेल नंतर. उलटे केले तर चॅपेलनंतर कुठलीही खुर्ची-पलंग फिका पडतो.

जेवण खाली गावातच केले. शाकाहारी माणसाला इथे तळलेले चीज आणि लसणीचे सूप यांवर भागवावे लागते, आणि चढ-उतार झाल्यावर ते वाईट लागत नाही. काही ठेल्यांवर कार्ड चालत नाही, तेव्हा खिशात थोडे कोरुना, म्हणजे चेक चलन, रोख असू द्यावेत. परतीची गाडी साधारण अर्ध्या तासाने एक असते, त्यामुळे तिची वेळ आम्ही ठरवलीच नव्हती, आणि दिवसातला तो एकच भाग मुद्दाम मोकळा सोडला होता.

गाडीत ताईने विचारले, मग तो मुकुट आता कुठे असतो? साम्राज्याची चिन्हे व्हिएन्नात आहेत, भाची सांगू लागली, पण बोहेमियाचा राजमुकुटही पुढे कार्लश्टेनवरच होता, तो आता प्रागच्या सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये एका बंद खोलीत आहे. त्या खोलीच्या दाराला सात कुलपे आहेत, सात किल्ल्या राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, आर्चबिशप अशा सात जणांकडे वाटलेल्या आहेत, आणि सगळे एकत्र आले तरच दार उघडते.

‘सात जणांची वेळ जुळवायची म्हणजे,’ ताई म्हणाली, ‘आपल्याला तिघांची जुळवताना दोन महिने लागले.’