पैठणमार्गे अंबाजोगाई: तीन सायकली, सहा पंक्चर

सहापैकी पाच पंक्चर माझे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी टायरवर एवढा का अडून बसलोय ते कळेल.

बहिणीचं सासर अंबाजोगाईचं. दाजी नोकरीनिमित्त इकडे संभाजीनगरला. डिसेंबरात म्हणाले, "यंदा एसटीनं जायचं नाही, सायकलीवर जाऊ." मला नवी सायकल घ्यायचीच होती आणि कुठली घ्यावी यावर चार महिने डोकं खाजवून झालं होतं. म्हटलं, चला. तिघांच्या तीन जाती: माझी रोडबाईक, हलकी, देखणी, 25 मिमीचे टायर, दाजींची हायब्रिड, 35 चे टायर, मागं कॅरिअर, दोन्हीकडे मडगार्ड, आणि दाजींच्या पुतण्याची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाईक, पुढं सस्पेन्शन, जाड नक्षीचे टायर. पहिल्या दिवशी पैठण, शहागड करून गेवराईत मुक्काम. दुसऱ्या दिवशी बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई. दोन दिवसांचे मिळून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

पहाटे साडेपाचला निघालो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास वर येतो, म्हणजे तासभर निव्वळ अंधार. माझ्याकडे मोबाईलएवढा छोटा दिवा, तो फक्त "मी इथं आहे" एवढंच सांगणारा. रस्ता दाखवणारा दिवा वेगळा असतो, हे पहिल्याच खड्ड्यानं समजावलं. दाजी दिव्याबद्दल कडक आहेत. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, त्यांनी साडेतेरा तासांच्या मुदतीत केलेली आहे. तिथं दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर सोडतच नाहीत. मागचा लाल दिवा मात्र दोन ठेवा, एक सीटखाली आणि एक हेल्मेटला. थंडीत एक चार्जिंग लवकर उतरते, हेही धरून चाला.

नाथसागराच्या बाजूला धुकं होतं. बोटं अशी आखडली की ब्रेक दाबायला आख्खा पंजा लागत होता. छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवा, वारा अडतो. साडेनऊला काढून टाका. हवेचंही एक लक्षात ठेवा: दुपारी उन्हात 95 पीएसआय भरलेला टायर पहाटेच्या थंडीत चार-पाच पीएसआयनं खाली येतो. बारीक टायरला तेवढ्यानंही दणका रिमपर्यंत पोचतो. म्हणून हवा निघायच्या आधी पहाटेच बघा, आदल्या दुपारची धरू नका.

पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन, दोन-दोन चहा. जायकवाडी धरण 1976 साली झालेलं, हिवाळ्यात जलाशयावर रोहित पक्षी येतात. वेळ असेल तर अर्धा तास काढा. आम्ही नाही काढला, आणि पुढं पंक्चर काढण्यात त्याच्या चौपट गेला.

पैठण ते शहागड हा गोदाकाठचा ऊसपट्टा. या दिवसांत कारखाने चालू, आणि सायकलवाल्यासाठी खरा हिवाळा तो हाच. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, उसाच्या टायरगाड्या (टायरच्या चाकांच्या बैलगाड्या), रस्त्यावर सांडलेलं पाचट आणि वाढं. पाचटावर दव पडलं की ते साबणासारखं होतं. माझं मागचं चाक दोनदा सरकलं. दाजी मात्र आरामात पुढं गेले. दहानंतर समोरून वारा सुटला, तेव्हा एमटीबीवाल्या पुतण्याचं तोंड उतरलं. जाड नक्षीचे टायर डांबरावर घूं-घूं करत ताकद खातात, आणि स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे दोन-अडीच किलोचं ओझं, वर चढावर पाय मारला की आपणच खाली-वर. रस्त्यावरच चालवायची असेल तर ते घेऊच नका.

शहागडच्या अलीकडं एक डबल ट्रॉली मागून हॉर्न देत आली. मी डांबर सोडून साईडपट्टीवर उतरलो. गवत वाळलेलं, त्यात सराटे. दोन्ही चाकं एकदम बसली. सराटा ज्यानं अनवाणी तुडवलाय त्याला सांगायला नको. पावसाळ्यात हिरवा असतो, दिवाळीनंतर वाळून लोखंडासारखा होतो. दाजीही त्याच पट्टीवर उतरले होते. त्यांच्या टायरमधून सात काटे उपटले, हवा तशीच. काट्यांसाठी आत जाड थर असलेले टायर होते ते, आणि आतून प्लास्टिकची पट्टी. वजन वाढतं, वाढू द्या.

मी घाईत दोन्ही ट्यूब बदलल्या आणि टायरच्या आतून बोट फिरवलं नाही. आठ किलोमीटरवर तिसरं पंक्चर, त्याच राहिलेल्या टोकानं. जवळच्या ट्यूबा संपल्या. पहिलं पंक्चरचं दुकान बंद. शेजारच्या पानटपरीवाला म्हणाला, "तो जोडीनं कोयत्यावर गेलाय की. आता उन्हाळ्यातच येतो." बीड जिल्ह्याच्या सीमेवर हिवाळ्यात हे धरूनच चला, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं.

दुसरं दुकान उघडं होतं, मोटारसायकलचं. त्यानं व्हॉल्व्ह पाहिला आणि हसला. "सायेब, ही सुई कुठं घालू?" माझ्या ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक सुईसारखा व्हॉल्व्ह, त्याच्या हवेच्या नळीला मोटारसायकलचं तोंड. पितळेचा ॲडॅप्टर बोटाच्या पेरापेक्षा लहान असतो, तो माझ्या घरी ड्रॉवरमध्ये होता. शेवटी पॅच लावून हातपंपानं हवा भरली.

सायकल निवडताना दुकानदार हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो. रिमचं व्हॉल्व्हचं भोक किती मोठं आहे ते बघा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बसणारं भोक असेल, तर खेड्यातली साध्या 28 इंची सायकलची ट्यूबही अडीअडचणीला 35 च्या टायरात कोंबता येते. तिचा व्हॉल्व्ह तेवढाच जाड असतो. माझ्या बारीक भोकात तो जातच नाही, आणि 25 च्या टायरात ती ट्यूब मावणारही नाही.

चौथं पंक्चर गेवराईच्या लॉजवर, सकाळी उठलो तर चाक जमिनीला टेकलेलं. पाचवं बीडच्या पुढं महामार्गावरच्या रंबलरवर, हवा कमी होती म्हणून. सहावं दाजींचं, बाभळीचा काटा. बाभळीपुढं जाड थरही हरतो.

मांजरसुंब्याचा घाट म्हणजे बालाघाटावर चढायची पायरी. फार अवघड नाही, पण सामान असेल तर पुढं 34 दात्यांची लहान चकती आणि मागं निदान 32 दात्यांची मोठी हवीच. इथं माझी रोडबाईक एकदाची कामाला आली, वर पहिला मी पोचलो. पाच मिनिटं मान ताठ. मग केजच्या उतारावर डिस्क ब्रेकवाले दाजी सुसाट निघून गेले आणि मी रिम ब्रेक दाबत आखडलेल्या बोटांनी मागं.

केजच्या पुढं एका शेतात आगटी पेटलेली दिसली. ओळख ना पाळख, पण बोलावलं. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर गूळ. त्यामुळे अंबाजोगाईत शिरायला अंधार झाला, सहाला सूर्य मावळतोच. बिनरिफ्लेक्टरच्या टायरगाड्या अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. तेवढे शेवटचे दहा किलोमीटर मी दाजींच्या दिव्यामागून गेलो. हुरडा खा, पण चारच्या आत.

नवी सायकल घेतली ती जानेवारीत: पुढं सस्पेन्शन नसलेला साधा फोर्क, डिस्क ब्रेक, 35 चे काटेरोधक टायर, मडगार्ड लावायला भोकं, आणि रिमला जाड व्हॉल्व्हचं भोक. दुकानदार म्हणाला, जरा जड आहे. व्हॉल्व्हचा ॲडॅप्टर आता किल्ल्यांच्या जुडग्यालाच अडकवलाय.

जाणार असाल तर मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. योगेश्वरीच्या नवरात्राची गर्दी असते, लॉज मिळत नाही आणि सगळ्यांनाच काही माझ्यासारखं बहिणीचं घर नसतं. परतीला आम्ही तिन्ही सायकली पिकअपमध्ये टाकून आणल्या. मधे जुनी गोधडी घाला, नाहीतर गिअरचा हात वाकतो. पुतण्याचा वाकला.