पोटातलं पुरुमेंत

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला पोदेराचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याचा, भोंगा वाजला आणि मी सुटे पैसे घेऊन दारात. जेवून जेमतेम दीड तास झाला होता, तेही रविवारचं जेवण. हुमण (माशाची आमटी), तळलेले बांगडे, तिसऱ्यांचं सुकं. भूक कुठून असणार? तरी म्हटलं, उंडे नकोत, पोळ्या दे. दोन्ही पावच, पण पोळ्या कोंडा लावलेल्या, आतून पोकळ, गरम. (पोळी सुरीनं कापणाऱ्या माणसांशी माझं फार जमत नाही. ती हातानं फाडायची आणि आतली वाफ आधी नाकानं खायची.)

हल्ली एक छंद लागलाय. घास उचलण्याआधी डोक्यात कुठलं वाक्य चाललंय ते ऐकायचं. त्या दिवशी ऐकू आलं, ‘कोपऱ्यावरून वळला की गेला.’ पोळीच्या चवीबद्दल अक्षर नाही. जणू पोदेर आता थेट पुढच्या वर्षीच येणार होता. तो तर रोज दोनदा येतो.

तसं पोटालाही घड्याळ असतंच. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. जठरातून सुटतं, भूक जागवतं आणि आपल्या ठरलेल्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं. म्हणजे चारचा पाव घ्रेलिनच्या खात्यावर टाकता येईल. पण रविवारी रात्री पुन्हा हुमण-भात वाढून घेताना ‘उद्या सोमवार, शिवराक’ (म्हणजे शाकाहारी जेवण) असं जे कोणी आत पुटपुटतं, त्याला जठर काय करणार? मे महिन्यात तर विचारू नका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, एकसष्ट दिवस; आणि ते सगळे दिवस आपण आगाऊ जेवून ठेवतो.

हे वळण आजीच्या घरचं. फोंड्याकडचं जुनं घर, आणि मे संपता संपता आजीचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. अंगणात मिरच्या, सोलं, सुके बांगडे वाळत पडलेले, कावळे हाकायला आम्ही पोरं. बुयांवात, म्हणजे मोठ्या बरणीत, मिठात चेपलेली तोरं (कोवळ्या कैऱ्या). माळ्यावर कांद्याच्या माळा, उकड्या तांदळांची पोती, फणसाची साठं. गालम्याचा (बारीक सुक्या कोळंबीचा) वास उशीपर्यंत यायचा. साठं चोरायला मी माळ्यावर चढायचे आणि आजी खालून शिडी धरून उभी असायची. चोरी पकडायला नाही, मी पडू नये म्हणून. खाली उतरले की माझ्या मुठीतलं साठ न बघितल्यासारखं करायची. पाऊस लागला की ती एकदा वर जाऊन सगळ्याला हात लावून यायची. मोजायची नाही, नुसता हात लावायची. आणि पानात मी काही ठेवून उठले, तर म्हणायची, “खा गो बाय, फाल्याचें कोणें पळयलां?” उद्याचं कोणी पाहिलंय?

आता माझ्याकडे फ्रीज आहे, खाली सुपरमार्केट आहे, जुलैतही हवं ते मिळतं. माळा नाही. मग पुरुमेंत भरायचं कुठं? पोटात. वाक्य ऐकू आलं की बऱ्याचदा हात थांबतो, हे खरं. एरवी थांबत नाही, पण कोणाच्या सांगण्यावरून खातेय ते तरी कळतं.

फक्त या वाक्याला ‘गप्प बस’ म्हणताना अडखळायला होतं. १९५५ साली भारतानं पोर्तुगीज गोव्याच्या केलेल्या आर्थिक नाकेबंदीत आजी इथंच घर चालवत होती, आणि गोव्याला तांदूळ तेव्हाही बाहेरून आणावा लागायचा. त्या दिवसांविषयी ती कधी बोलली नाही. आम्हाला खायला घालायची, बस.

परवा भाची आली होती. अर्धा पाव बशीत ठेवून, “पोट भरलं,” म्हणत उठली. पोट भरलं म्हणून उठली, बाकी काही नाही. तो अर्धा पाव मी खाल्ला, अर्थात. तिला आजीचं वाक्य कोणी ऐकवलेलं नाही, तिच्या आईनंही नाही. ते आमच्यापाशीच संपलं तर पोरीचं भलं होईल, असं वाटतं. आणि मग आजीचं दुसरं काय उरेल तिच्यापाशी, तेही सुचत नाही.