चौसष्ट दिवसांनंतरचा स्वॅब

नवजात अर्भकांच्या विभागातून दोन-तीन नमुन्यांत एमआरएसए (बऱ्याच प्रतिजैविकांना दाद न देणारा एक जिवाणू) निघाला, की ही साथ आहे की निव्वळ योगायोग, असा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेकडे येतो. आणि मला केंब्रिजच्या रोझी रुग्णालयातले २०११ सालचे प्रकरण हटकून आठवते.

तेथे सहा महिन्यांत १२ बाळांच्या अंगावर हा जिवाणू आढळला होता. अंगावर असणे म्हणजे आजार नव्हे. पण वेळेआधी जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी नाजूक असते आणि शिरेत नळ्या असतात, की तो रक्तात उतरायला फारसे निमित्त लागत नाही. तीन बाळे एकाच वेळी पॉझिटिव्ह आली, म्हणून संशय बळावला. इतरांच्या बाबतीत मात्र मध्ये आठवड्यांची अंतरे होती, त्यामुळे केवळ नोंदी जुळवून साखळी सिद्ध होईना.

तेव्हा साठवलेल्या जिवाणूंचा संपूर्ण जनुकीय क्रम वाचण्यात आला. पाठभेद लावून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे ठरवतात, तसेच हे काम आहे: सुमारे २८ लाख अक्षरांच्या मजकुरात पिढ्यान्‌पिढ्या एखाद-दुसरे अक्षर चुकते, आणि ती चूक पुढच्या नकलांत उतरते. या वाचनातून एकमेकांशी जोडलेले २६ जण निघाले. प्रसूतीनंतरच्या कक्षातील मातांमध्ये आणि रुग्णालयाबाहेरही तो पसरला होता.

शेवटचे बाधित बाळ घरी गेले, विभाग धुऊनपुसून काढला, आणि ६४ दिवसांनी पुन्हा एका बाळाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला. क्रम पाहिला तर जिवाणू त्याच घराण्यातला. मग १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि त्यांत एकच वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून अंगावर हा जिवाणू बाळगणारी व्यक्ती, सापडला. त्या एका व्यक्तीच्या नमुन्यातून २० वसाहती, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या ताटलीवर उठलेले त्यांचे ठिपके, वेगवेगळ्या वाचल्या गेल्या. ताटलीवरची एकच ठसठशीत वसाहत तारेच्या लूपने उचलून अहवाल देण्याची आम्हा मंडळींची सवय आहे. या ठिकाणी ती नडली असती, कारण एकाच माणसाच्या अंगावरही मूळ घराण्याच्या निरनिराळ्या शाखा नांदत असतात.

कर्मचाऱ्यांचे स्वॅब मागणे हा नाजूक मामला असतो. रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरला तो आरोपच वाटतो, आणि तिचे काही चुकते असे मला म्हणवत नाही. म्हणून आमच्याकडे असे नमुने येतात तेव्हा नळीवर मी नाव लिहू देत नाही, फक्त क्रमांक.